कमरेचा भोपळा

"नाव सापडती. माणूस न्हाई सापडत."

रखमाजी भोई हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचा. चहाची बशी खाली ठेवताना म्हणायचा. कोणाच्या लग्नात अक्षता टाकून हात झटकतानाही म्हणायचा. नव्या माणसाला वाटे, म्हातारा आपल्याला काही सुचवतोय. आम्हां वस्तीवाल्यांना ठाऊक होतं की तो कोणाशीच बोलत नाही. खोकला यावा तसं ते त्याच्या छातीतून येई.

शहागडला महामार्गाच्या पुलावरून रात्रंदिवस ट्रक जातात. त्या पुलाच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या उतारावर आमची पंधरा-वीस घरं आहेत. समोरचा काठ बीड जिल्ह्याचा. पलीकडच्या वाड्यांना पुलावरून यायचं म्हणजे लांबचा वळसा, म्हणून पूल असूनही पुष्कळ वर्षं रखमाजीची नाव चालली. पलीकडे माणूस येऊन उभा राहायचा, तोंडाभोवती हात धरून "नाऽऽव" अशी हाक द्यायचा, आणि रखमाजी भरल्या ताटावरून उठायचा. हाकेला ताटकळत ठेवू नये, हा त्याचा नेम होता. मी वसंता. त्याच घाटावर जाळं टाकतो. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि थोडं माझ्या हातूनही.

रखमाजीच्या घराण्यात एक रीत होती. पोर चालायला लागलं की त्याच्या कमरेला वाळवलेला कडू भोपळा बांधायचा. भोपळ्याच्या जोरावर पोर पाण्यात वर राहतं, हातपाय मारायला शिकतं. मग एक दिवस ते पोर एकट्यानं नाव पलीकडे नेऊन परत आणतं. त्या दिवशी भोपळा कमरेचा सोडायचा, त्याला हळदकुंकू लावायचं आणि नावेच्या नाकाला बांधायचा. बाप म्हणतो, "आता नाव हाच तुझा भोपळा." त्यानंतर त्या माणसानं जन्मात कमरेला भोपळा बांधायचा नाही. बांधला तर काठावरच्या बायासुद्धा हसायच्या, "भोपळ्याचा नावाडी आला" म्हणून.

रखमाजीच्या मुलाचा, अंगदचा भोपळा अकराव्या वर्षी सुटला. अंगद देखणा, अबोल, वल्ह्याला हलका. उषाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला त्यानं नावेतूनच घरी आणलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी पूर आला. वरून धरणाचं पाणी सुटलं होतं आणि नदी आमच्या उंबऱ्यापर्यंत चढली होती. मधल्या उंचवट्यावर मेंढपाळांची चार माणसं अडकली होती. अंगद नाव घेऊन निघाला. मेंढपाळ झाडावर चढून वाचले, दुसऱ्या दिवशी त्यांना दोरानं काढलं. अंगद त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. तिसऱ्या दिवशी पाच कोसांवर बाभळीच्या रानात नाव सापडली. सरळ उभी, आत एक वल्हं, नाकाला भोपळा तसाच बांधलेला. जणू कोणीतरी नीट लावून ठेवली होती.

आम्ही पळसाच्या द्रोणात दिवा लावून सोडला. बुडालेला माणूस जिथे असतो तिथे दिवा फिरायला लागतो, असं जुनी माणसं सांगतात. दिवा कुठेच फिरला नाही. सरळ पुढे पुढे गेला आणि दिसेनासा झाला. दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, असं भटजी म्हणाले. रखमाजी नाही म्हणाला. उषाबाईच्या गळ्यातली काळी पोत तशीच राहिली. काढ म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही. मुलगी आकांक्षा तेव्हा तीन वर्षांची होती.

रखमाजीनं नाव मोडून टाकली. भोपळा तेवढा दोरीसकट, गाठ न सोडता घरात खुंटीला टांगला. आणि मग ते सुरू झालं.

दुपारी बारा वाजून गेले, घाटावर चिटपाखरू नसलं, की रखमाजी खाली जाऊन पाण्याजवळ बसायचा. बसता बसता एकदम ताठ व्हायचा. "आलो," म्हणायचा. उठून गुडघाभर पाण्यात जायचा आणि तिथेच उभा राहायचा. "अंगद हाका मारून राह्यला," तो मला एकदा म्हणाला. "दादा म्हनतो, ल्हानपणापासून मला म्हनायचा तसं. पण कुठून म्हनतो, ते कळंना. वरून का खालून, ह्या काठानं का त्या काठानं. बराबर जागा सांगितली असती तर मी आणला असता रे त्याला."

एकदा मीही ऐकली ती हाक. वैशाख होता, वारा पडलेला होता, पाणी आरशासारखं होतं. मी जाळं तिथेच सोडून घरी आलो.

उषाबाई नदीवर येत नसे. घरात हातपंपाचं पाणी. सासऱ्याला वेळेवर भाकरी द्यायची, "मामा, जेवा" म्हणायचं, एवढंच तिचं त्याच्याशी बोलणं. एका छपराखाली एकोणीस वर्षं ती दोघं अशी राहिली. दोघांच्या मध्ये तो भोपळा टांगलेला.

अशा घरातली पोर पाण्यापासून दूर राहावी की नाही? पण आकांक्षाला पाण्याची ओढ. आजोबानंच तिला पोहायला शिकवलं, तेही चोरून, आणि कमरेला भोपळा न बांधता. नवा भोपळा आणायला त्याचा हात धजला नाही, स्वतःच्या हातावर धरून त्यानं तिला शिकवलं. पुढे ती पुण्याला कॉलेजात गेली, तिथे नौकानयनात पडली, मग गोव्याला एका शिडाच्या होड्यांच्या क्लबात शिकवायला लागली. या दिवाळीला आली ती बातमी घेऊन. डिसेंबरात चार मुली शिडाच्या नावेनं गोव्याहून लक्षद्वीपला निघणार होत्या. चार-पाच दिवस आणि रात्री नुसतं पाणी. आकांक्षा त्यातली एक. सुरक्षेचं सामान निवडायचं काम तिच्याकडे होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ओट्यावर दोन यंत्रं मांडली. दोन्ही पिवळी. एक जेवणाच्या डब्याएवढं, दुसरं मुठीत मावेल असं. मी मासे द्यायला गेलो होतो, तसाच बसलो.

"हे काय, रेडिओ का?" रखमाजीनं विचारलं.

"बीकन म्हणतात, आबा. समुद्रात कोणी संकटात पडलं की झाकण उघडून दांडी वर करायची अन् बटण दाबायचं. वरच्या उपग्रहाला हाक जाती. तिथून किनाऱ्यावरच्या माणसांना कळतं, कोण हाय अन् नेमकं कुठं हाय."

"नेमकं कुठं?"

"हो."

"नदीच्या ह्या काठाला का त्या काठाला, एवढं?"

"घरापाशी हाय का घाटावर हाय, एवढं."

रखमाजीनं चहाची बशी खाली ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदाच बशी ठेवताना तो ते वाक्य म्हणाला नाही.

मी आपला हात लावायला गेलो. आकांक्षा ओरडली, "वसंताकाका, बटण न्हाई दाबायचं! खरंच दाबलं तर शोधायला माणसं निघतील, हेलिकॉप्टर येईल."

"शहागडात हेलिकॉप्टर?" मी म्हणालो. "येऊ दे की. इलेक्शनशिवाय कधी आलंय इथं?"

आत उषाबाईच्या हातातलं भांडं वाजलं. हसली की काय, कळलं नाही.

आकांक्षानं सगळं समजावून सांगितलं. नावेला एक मोठं बीकन कायमचं बसवलेलं होतं, नाव बुडाली की ते आपोआप सुटून वर येतं आणि हाक मारायला लागतं. त्याशिवाय चौघींसाठी या दोन्हींपैकी एकेक घ्यायचं होतं, चौघींचं एकसारखं. तिच्या मनात डब्याएवढं भरलं होतं. ते दोन दिवस हाक मारत राहतं. मुठीएवढं एक दिवस.

"हे ठिवणार कुठं?" रखमाजीनं डबा हातात तोलत विचारलं.

"पिशवीत. नारिंगी पिशवी असती, खोलीच्या दाराशी अडकवलेली. हाताशीच."

"म्हंजे नावेला."

"हाताशी, आबा."

"अन् हे बारकं?"

"ते जॅकेटवर छातीला लावायचं. पण ते टोचतं. दोर ओढताना मधी मधी येतं. अन्..." ती थांबली. "दोन दिवसाचं ते दोन दिवसाचं. बराबर हाय का न्हाई?"

रखमाजीनं डबा खाली ठेवला, नजर दारातून आत गेली, खुंटीवरच्या भोपळ्याकडे. मग माझ्याकडे वळला. "वसंता, तुझी होडी काढ."

मला वाटलं, माझे कान वाजले. एकोणीस वर्षांत या माणसानं नावेत पाय ठेवला नव्हता.

डोह तुडुंब होता. मी मागे बांबू धरून, मध्ये आकांक्षा फुगणारं जॅकेट घालून, पुढे रखमाजी. नारिंगी पिशवीत थोरलं बीकन घालून त्यानं स्वतःच्या हातानं होडीच्या खुंट्याला अडकवली. "ही तुझी पिशवी. हाताशी हाय ना?" धाकटं त्यानं आपल्या मांडीवर ठेवलं. घाटाकडे पाहिलं तर वरच्या पायरीवर उषाबाई उभी. पदर डोक्यावर, एक हात भिंतीला. ती नदीवर आली होती.

"मार उडी," रखमाजी म्हणाला.

आकांक्षा हसत उडी मारून गेली. जॅकेट फट्‌कन फुगलं, ती बुचासारखी वर आली, केस मागे सारून हात हलवला.

"वसंता, लोट."

मी बांबू रेटला. पश्चिमेचा वारा होता, त्यानंही होडीला हात लावला. दहा हात, वीस हात, पन्नास हात.

"आता दाब तुझं बटण!" रखमाजी ओरडला.

पोर हसली आणि पोहायला लागली. पण ते जॅकेट माणसाला वर ठेवतं, पुढे जाऊ देत नाही. ती हात मारी आणि जागच्या जागी राही. मी थांबायला गेलो तर रखमाजीनं मान हलवली. "शिडाची नाव थांबती का? हिच्या तीन सोबतिणी झोपल्या असत्यान. लोट."

अंतर वाढलं. पोरीचं हसणं थांबलेलं मला दिसलं. नदी आमची, डोह ओळखीचा, काठ ओरडण्याच्या अंतरावर. तरी पाण्यात एक डोकं एवढंसं दिसतं, आणि लाट आली की तेवढंही दिसत नाही. पुलावर बाराची एसटी गेली. मग सगळं शांत झालं.

"आबाऽऽ!"

तिनं नुसती हाक मारली, बस करा म्हणून. पण ती पाण्याला लागून आली. वरून का खालून, कळलं नाही. अशीच हाक मी वैशाखात ऐकली होती.

रखमाजी उभा राहिला. होडी कलली. "आलो," तो म्हणाला, आणि पाण्यात पाय टाकायला निघाला. मी त्याच्या धोतराचा सोगा धरला. "मामा, आकांक्षा हाय ती! ती बघा, तिथं हाय!" तो खाली बसला. मी होडी फिरवली. पोरीला आत ओढून घेईपर्यंत त्याचा रंग राखेसारखा झाला होता.

आकांक्षा निथळत बसली. पिशवी तिच्या डोक्याशी लटकत होती. तिनं एकदा पिशवीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"खरं सांग," रखमाजी म्हणाला. "टोचतं म्हून न्हाई नं?"

तिनं केस पिळले. मग म्हणाली, "हसतात, आबा. नव्या शिकाऊ पोरी छातीला लावतात. जुने खलाशी पिशवीत ठेवतात. मी सुरक्षेची प्रमुख, अन् मीच गळ्यात अडकवून फिरले तर..."

"हसतात."

"हो."

रखमाजीनं वर पायरीकडे पाहिलं. पाण्यावरून बोलणं लांब जातं, हे नावाड्याला कोणी सांगावं लागत नाही. तो आवाज न दाबता बोलला.

"पुराच्या दिवशी अंगद नाव सोडायला आला. काठावर गाव जमलेलं. नाकाचा भोपळा हातात धरून मला हळूच म्हनला, दादा, आज कमरेला बांधू का? मी मोठ्यानं हासलो. मोठ्यानं म्हनलो, बघा रे, भोपळ्याचा नावाडी! नावेला बांध, नावेला. लोक हासले. त्यानं बांधला. गाठ मीच आवळली वरून. पक्की बसली म्हंजे. इतकी पक्की बसली की पाच कोसावर सुटली न्हाई."

हसणाऱ्यांत मी होतो. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलो होतो. आजवर हे मी कुठे बोललो नव्हतो.

होडी काठाला लागली. उषाबाई पायऱ्या उतरून खाली आली, पाण्यापर्यंत आली. सासऱ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही काय करते.

"त्यांनी मागितल्ता भोपळा?" तिनं विचारलं.

"हो, पोरी."

"म्हंजे त्यांना भ्या वाटत व्हतं."

"वाटत व्हतं."

उषाबाईनं पदर तोंडाशी धरला. "मला वाटलं, बिलकुल भ्या न्हाई वाटलं त्यांना. लेकराची, माझी आठवणच न्हाई झाली, असेच गेले. एवढी वर्षं मी त्यांच्यावर रागावून ऱ्हायले, मामा. त्यांच्यावर. तुमच्यावर न्हाई."

रखमाजी तिच्या पायाशी पायरीवर बसला. ती उभीच राहिली. नंतर ती वाकली, डोहातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंडावर मारलं.

दुपारी उषाबाईनं खुंटीवरचा भोपळा खाली घेतला. त्याची सुती दोरी काळी पडली होती, पण कुजली नव्हती. रखमाजीची ती गाठ सोडायला तिला अर्धा तास लागला. नखं तुटली, पण दोरी कापली नाही. ती दोरी तिनं धाकट्या बीकनच्या कडीत ओवली आणि जॅकेटच्या पट्ट्याला सुईदोऱ्यानं पक्की शिवली. "त्याची स्वतःची दोरी हाय, आई," आकांक्षा म्हणाली. "असू दे. ही बी असू दे," उषाबाई म्हणाली.

दोन दिवसांचं थोरलं परत जायचं ठरलं. रखमाजीचा हिशेब साधा होता. "एक दिवस हाक मारली तर बास हाय. पाण्यात माणूस त्याहून जास्त काढत न्हाई. हाक मात्र माणसापासून यावी." पण एक गोष्ट त्याला खुपत होती. नावेवरचं मोठं आपोआप बोलतं, हे धाकटं दाबल्याशिवाय बोलत नाही. थंड पाण्यात बोटं लाकूड होतात. म्हणून पोर जाईपर्यंत त्यानं तिला डोळे बांधून, डाव्या हातानं, झाकणापर्यंत बोट न्यायची सवय लावली. बटणाच्या अलीकडे थांबायचं. जेवता जेवता म्हणायचा, "हं, कुठं हाय?" आणि ती घास तोंडात ठेवून छातीला हात न्यायची.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं मोबाईलवर बीकनची नोंदणी भरली. कोणाचं बीकन, कुठली नाव, आणि हाक आली तर किनाऱ्यावर कोणाला फोन करायचा. तिनं क्लबाचा नंबर टाकला, आईचा टाकला.

"माझा टाक," रखमाजी म्हणाला.

"आबा, तुमचा फोन लागतो कधी? दुपारभर तुम्ही खाली नदीत. तिथं रेंज न्हाई."

"टाक तू."

तिनं टाकला.

डिसेंबरात त्या निघाल्या. चौघींनी मुठीएवढंच घेतलं. हसणाऱ्या हसल्या असतील. निघताना फोन आला. रखमाजीनं बटणाचा छोटा फोन दोन्ही हातांनी कानाला धरला होता. "छातीला हाय, आबा," एवढं आम्हांलाही ऐकू आलं.

तिसऱ्या दिवसाची गोष्ट सांगून थांबतो. बारा वाजून गेले होते. मी घाटाच्या वरच्या अंगाला जाळं वाळत घालत होतो. उषाबाई दारात बसून भोपळा पुसत होती. दोरी नसलेला तो भोपळा आता नुसता भोपळा वाटत होता. रखमाजी नेहमीच्या वेळी घरातून निघाला. पायऱ्यांपाशी आला. एक पायरी उतरला. खिशातून फोन काढून डोळ्यांजवळ नेला, आणि पाय परत वर घेतला.

तेव्हा खालून हाक आली. मी ऐकली. उषाबाईचा हात भोपळ्यावर थांबला, म्हणजे तिनंही ऐकली. "दादा" होतं ते. वारा नव्हता.

रखमाजी पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग तो हळूच, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "थांब रे बाबा. तुझ्या पोरीचं बघून येतो."

तो वळला. महामार्गाच्या चढाकडे चालू लागला, जिथे ट्रक थांबतात आणि रेंज पक्की असते. फोन त्यानं छातीपाशी, सदऱ्याच्या खिशावर हाताखाली धरला होता. त्याची पाठ बाभळींमधून लहान लहान होत गेली. मी जाळं धरून पाहत राहिलो. उषाबाई मांडीवर भोपळा घेऊन दारातून पाहत राहिली, तो पुलापाशी पोचेपर्यंत. खाली डोह होता, आणि तिथूनही कोणी पाहत असेल, तर त्यानं पुन्हा हाक मारली नाही.